शंभर दिवस, एकोणीस तास: माइनक्राफ्टमधला काळ खऱ्या घड्याळात कसा बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन मित्र मिळून माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगात खोदायच्या-बांधायच्या खेळाचा सर्व्हर चालवतात. १०० दिवस तग धरण्याचं आव्हान त्यांनी घेतलं होतं. सगळीकडे लिहिलेलं असतं की खेळातला एक दिवस म्हणजे खरी २० मिनिटं, म्हणजे १०० दिवसांना ३३ तास २० मिनिटं लागायला हवीत. त्यांचे १०० दिवस मात्र साधारण १९ तासांत संपले. वर एक तक्रार अशी की रात्रभर झोपून उठलं तरी गहू होता तेवढाच. शेवटचा प्रश्न, सर्व्हरवरचा सूर्य भारतीय वेळेप्रमाणे चालवता येईल का?

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. मी अनेक वर्षं सर्व्हर सांभाळतो, त्यासाठी कमांड आणि डेटापॅक (खेळाचं वागणं बदलणाऱ्या फायलींचा संच) लिहितो. काळाबद्दलचे जवळजवळ सगळे घोळ एकाच जागी होतात असं माझं पक्कं मत आहे. लोक गुणाकार-भागाकार बरोबर करतात, पण आपण मोजतोय ती गोष्ट कोणत्या घड्याळावर चालते, हे आधी विचारत नाहीत. माइनक्राफ्टमध्ये घड्याळं एकाहून जास्त आहेत.

आधी पाया. या खेळातलं काळाचं सर्वांत लहान एकक म्हणजे टिक. खेळ सुरळीत चालत असेल तर सेकंदाला २० टिक होतात, म्हणजे एक टिक ५० मिलिसेकंदांची. एक दिवस २४,००० टिकांचा. २४,००० भागिले २० म्हणजे १,२०० सेकंद, म्हणजेच २० मिनिटं. खऱ्या दिवसात १,४४० मिनिटं असतात, म्हणून खेळातला दिवस खऱ्या दिवसाच्या ७२ पट वेगाने जातो. हा ७२ लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात तो लागणार आहे.

यावरून बाकीचं सहज निघतं. खेळातला एक तास म्हणजे १,००० टिक, खरे ५० सेकंद. आठवडा २ तास २० मिनिटांचा. ३० दिवसांचा महिना बरोबर १० तासांचा. ३६५ दिवसांचं वर्ष १२१ तास ४० मिनिटांचं, म्हणजे खऱ्या पाच दिवसांहून थोडं जास्त. चंद्राच्या आठ कला आठ दिवसांत पुऱ्या होतात, म्हणून पौर्णिमा ते पौर्णिमा २ तास ४० मिनिटं.

'तास' आणि 'मिनिट' ही एककं मुळात खेळात नाहीत. खेळातल्या घड्याळ या वस्तूवरही आकडे नसतात, फक्त सूर्य-चंद्र फिरताना दिसतात. खेळ दोनच गोष्टी ओळखतो, टिक आणि दिवस. तास आपण सोयीसाठी पाडलेले आहेत. त्यात दिवसाची शून्य टिक म्हणजे सकाळचे सहा धरायचे, मध्यरात्र नव्हे. त्यामुळे टिकवरून वेळ काढताना हजाराने भागायचं आणि सहा मिळवायचे. ६,००० टिक म्हणजे दुपारचे १२, १२,००० म्हणजे संध्याकाळचे ६, १८,००० म्हणजे मध्यरात्र. 'टाइम सेट डे' ही कमांड १,००० वर नेते, म्हणजे सकाळी ७ ला. 'टाइम सेट नाइट' १३,००० वर, म्हणजे संध्याकाळी ७ ला.

आता मुख्य मुद्दा. जावा आवृत्तीत, म्हणजे संगणकावरच्या मूळ आवृत्तीत, सर्व्हर दोन आकडे वेगवेगळे जपून ठेवतो. पहिला गेमटाइम, म्हणजे हे जग सुरू झाल्यापासून प्रत्यक्षात किती टिक चालल्या. तो फक्त एकेकाने वाढतो, कधी उडी मारत नाही. दुसरा डेटाइम. सूर्य आकाशात कुठे आहे आणि कितवा दिवस चालू आहे हे त्याच्यावरून ठरतं. हा आकडा कमांडने बदलता येतो आणि झोपल्यावर तो उडी मारतो.

सगळे खेळाडू बेडवर आडवे झाले की साधारण १०० टिकांनी, म्हणजे ५ सेकंदांनी, खेळ डेटाइम उचलून पुढच्या पहाटेवर ठेवतो. मधली रात्र चालवली जात नाही, ती गाळली जाते. गेमटाइमच्या दृष्टीने तुम्ही फक्त ५ सेकंद झोपलात.

तुमच्या १०० दिवसांचा हिशोब आता लावू. आभाळ स्वच्छ असेल तर झोपायची परवानगी १२,५४२ व्या टिकला मिळते, म्हणजे संध्याकाळी साधारण ६ वाजून ३२ मिनिटांनी. त्यात बेडवरच्या १०० टिक मिळवल्या की १२,६४२. रोज पहिल्या संधीला झोपलं, तर एक दिवस १० मिनिटं ३२ सेकंदांत उरकतो. असे १०० दिवस म्हणजे १२,६४,२०० टिक, १७ तास ३३ मिनिटं. तुम्हाला १९ तास लागले. म्हणजे रोजचे ६८४ सेकंद, अर्थात १३,६८० टिक. तुम्ही तिघे रोज सरासरी ५२ सेकंद उशिरा आडवे होत होतात, बहुधा कुणीतरी खाणीतून वर यायचा बाकी असायचा. आकडा अगदी बरोबर बसतो, सर्व्हरमध्ये काहीही बिघडलेलं नाही.

ताळा करायचा असेल तर 'टाइम क्वेरी डे' लिहा, तिथे १०० च्या आसपास दिसेल. मग 'टाइम क्वेरी गेमटाइम' लिहा, तिथे १३ लाख ६८ हजारांच्या जवळपासचा आकडा येईल. त्याला २० ने भागा, तुमचे १९ तास समोर येतील. शंभर दिवसांचं आव्हान घेणाऱ्यांनी सुरुवातीलाच ठरवून घ्यावं की मोजायचं काय. एकजण रोज झोपतो आणि दुसरा रात्री जागून लढतो, तर दोघांच्या 'शंभर दिवसां'त जवळपास दुपटीचा फरक पडतो. माझ्या सर्व्हरवर स्पर्धा असेल तर मी गेमटाइमच धरतो, आणि हे नियमात पहिल्या ओळीत लिहितो.

गव्हाकडे वळू. सूर्य, चंद्राच्या कला, दिवसांची मोजणी, डेलाइट सेन्सर (ऊन ओळखणारा ठोकळा) आणि गावकऱ्यांची दिनचर्या या गोष्टी डेटाइमवर चालतात. गावकरी २,००० ते ९,००० या टिकांत काम करतात, म्हणजे सकाळी ८ ते दुपारी ३. झोपून उठलात की हे सगळं पुढे सरकलेलं दिसतं.

भट्टी, पीक, जनावरांची पिल्लं, हॉपर (वस्तू पुढे ढकलणारं नरसाळं), रेडस्टोन (खेळातली वीज), औषधांचा परिणाम आणि जमिनीवर पडलेली वस्तू नाहीशी होणं यांना मात्र सूर्याशी देणंघेणं नाही. ही मंडळी प्रत्यक्षात चाललेल्या टिका मोजतात. गाळलेली रात्र त्यांच्यासाठी घडलेलीच नसते.

भट्टीचं उदाहरण स्वतः करून पाहा. एक वस्तू भाजायला २०० टिक लागतात, म्हणजे १० सेकंद. एक कोळसा १,६०० टिक जळतो, म्हणजे आठ वस्तू. पहाटे शून्य टिकला ६४ कच्चं लोखंड आणि आठ कोळसे टाका. पूर्ण ढीग व्हायला १२,८०० टिक लागतील. पहिल्या संधीला झोपलात तर उठेपर्यंत १२,६४२ टिकाच झालेल्या असतात. 'अख्खी रात्र' गेली तरी भट्टीत ६३ तयार आणि एक बाकी. रात्रभरात भट्टीने जेमतेम पाच सेकंद काम केलं.

पिल्लांचंही तसंच. वासरू किंवा कोकरू मोठं व्हायला २४,००० टिक लागतात, म्हणून सगळीकडे 'एक दिवस' असं लिहिलेलं असतं. रोज झोपणाऱ्याला त्यासाठी दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडते. अशा ठिकाणी 'एक दिवस' लिहिण्यापेक्षा '२० मिनिटं' लिहावं, हा आग्रह मी माझ्या सर्व्हरवरच्या पाट्यांपासून मदतपत्रकापर्यंत सगळीकडे धरतो. उडत येणारे फँटम हे राक्षस तीन दिवस न झोपल्यावर येतात असं म्हणतात. ते प्रत्यक्षात शेवटच्या झोपेपासून ७२,००० टिक मोजतात, म्हणजे खरा एक तास.

पिकाला आणखी एक पदर आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. पिकाला ठरावीक वेळ नसते, ते नशिबावर वाढतं. जग १६ गुणिले १६ गुणिले १६ अशा तुकड्यांत विभागलेलं असतं, प्रत्येक तुकड्यात ४,०९६ ठोकळे. दर टिकला खेळ प्रत्येक तुकड्यातले तीन ठोकळे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतो. याला रँडम टिक म्हणतात. तीन हा आकडा जावा आवृत्तीचा मूळचा आहे. बेडरॉकमध्ये, म्हणजे मोबाइल आणि कन्सोलवरच्या आवृत्तीत, तो एक आहे, बाकी सेकंदाला २० टिक आणि २० मिनिटांचा दिवस तिथेही तोच. ४,०९६ भागिले ३ म्हणजे १,३६५ टिक. एका ठोकळ्याची पाळी सरासरी ६८ सेकंदांनी येते. ही सरासरी आहे हे विसरू नका. निम्म्या वेळा पाळी ४७ सेकंदांच्या आत येते, आणि कधी कधी तीन मिनिटं उलटली तरी येत नाही.

पाळी आली म्हणजे गहू वाढलाच असंही नाही. चहूबाजूंनी ओली शेतजमीन असेल आणि पिकं एकाआड एक ओळीत लावलेली असतील, तर वाढण्याची शक्यता तीनात एक. संपूर्ण वाफा गव्हानेच भरला असेल तर ती निम्मी होते, सहात एक. गव्हाला बीपासून कापणीपर्यंत सात पायऱ्या चढायच्या असतात. म्हणजे ओळी पाडून लावलेल्या शेतात ७ गुणिले ३ गुणिले ६८ सेकंद, साधारण २४ मिनिटं. सलग लावलेल्या शेतात तेच ४८ मिनिटं. नुसत्या ओळी बदलल्याने निम्मा वेळ वाचतो! मधल्या ओळीत गाजर किंवा बटाटा लावा, तुमच्या तक्रारीतला अर्धा भाग तिथेच सुटेल.

उरलेला अर्धा भाग जागेचा आहे. खेळाडू दूर गेला की तिथले चंक, म्हणजे जगाचे उभे तुकडे, चालायचे थांबतात, आणि तिथली भट्टी, पीक, पिल्लू सगळं जागच्या जागी थिजतं. परत आलात की मागचा हिशोब भरून निघत नाही, जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू होतं. जमिनीवर पडलेली वस्तू ६,००० टिकांनी, म्हणजे ५ मिनिटांनी नाहीशी होते, पण हीसुद्धा चालू चंकातली ५ मिनिटं. दूरच्या खाणीत मेलात आणि बेडजवळ पुन्हा जन्मलात, तर सामान पडलेला चंक थांबलेला असतो. खरी घाई त्या जागेच्या जवळ पोचल्यावर सुरू होते. हे माहीत असलं तर वाटेत तलवार आणि खाणं घ्यायला बिनधास्त वेळ काढता येतो. जवळच दुसरा खेळाडू असेल तर मात्र घड्याळ त्याच्यामुळे चालूच राहतं.

एकट्याच्या खेळात एस्केप दाबलं की सगळं थांबतं. सर्व्हरवर नाही. पेटी उघडून बसलात तरी काळ चालूच.

रेडस्टोनवाल्यांचं एकक वेगळं. त्यांची एक टिक म्हणजे खेळाच्या दोन टिका, सेकंदाचा दहावा भाग. रिपीटरवर (संकेत थोडा थांबवून पुढे पाठवणारा ठोकळा) चार लावलं की ०.४ सेकंद. दोघे मित्र 'टिक' म्हणत असतील तर कोणती टिक हे आधी विचारून घ्या. हॉपर एक वस्तू खेळाच्या ८ टिकांत पुढे ढकलतो, म्हणजे सेकंदाला अडीच, तासाला ९,०००. भट्टी तासाला ३६० भाजते. त्यामुळे एका हॉपरची धार २५ भट्ट्यांना पुरते. असं यंत्र मांडताना मी सगळं टिकांतच लिहितो आणि सेकंद फक्त शेवटी काढतो.

कमांडमधली एक मेख सांगायलाच हवी. वेळ लिहिताना आकड्यापुढे टी, एस किंवा डी लावता येतं. टी म्हणजे टिक. एस म्हणजे २० टिक, हा खरा सेकंद. डी म्हणजे मात्र २४,००० टिक, हा खेळातला दिवस. एकाच कमांडमध्ये एक एकक खऱ्या घड्याळाचं आणि दुसरं खेळाच्या घड्याळाचं. त्यामुळे इथे एक दिवस म्हणजे ८६,४०० सेकंद नव्हे, १,२०० सेकंद. 'रोज एकदा बक्षीस' असं काही करायचं असेल आणि तुम्ही १ डी लिहिलंत, तर बक्षीस दर वीस मिनिटांनी वाटलं जाईल.

आतापर्यंत सर्व्हर सेकंदाला २० टिक चालवतो असं धरलं. त्यासाठी प्रत्येक टिकचं काम ५० मिलिसेकंदांत आटपावं लागतं. सर्व्हर थोडा मागे पडला तर पुढच्या टिका भरभर चालवून तो भरपाई करतो. सतत मागे पडत राहिला तर काही टिका सोडून देतो आणि सर्व्हरच्या नोंदीत तसा इशारा उमटतो. वेग १५ टिकांवर आला तर दिवस २६ मिनिटं ४० सेकंदांचा होतो, १० वर आला तर ४० मिनिटांचा. गंमत म्हणजे खेळाच्या आत काहीच चुकत नाही. भट्टीला २०० टिकाच लागतात, फक्त खऱ्या घड्याळाशी असलेलं नातं सुटतं. म्हणूनच कुणी 'माझ्याकडे दिवस २५ मिनिटांचा आहे' असं सांगितलं, तर मी आधी टिकांचा वेग पाहायला सांगतो.

डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या १.२०.३ आवृत्तीपासून हा वेग आपल्यालाही बदलता येतो. 'टिक रेट ४०' दिलंत आणि यंत्राला झेपलं, तर दिवस १० मिनिटांचा होतो. सूर्याबरोबर भट्टी, पीक आणि राक्षससुद्धा तितक्याच वेगाने धावतात. गव्हासाठी खरोखर रात्र उलटवायची असेल तर झोपेऐवजी 'टिक स्प्रिंट' वापरा. तिथे काळ गाळला जात नाही, प्रत्येक टिक भरधाव चालवली जाते, त्यामुळे पीक खरंच वाढतं. झोप आणि स्प्रिंट यांतला फरक समजला की दोन घड्याळांचा विषय समजला.

इतर खेळांत काय, असंही विचारलं आहे. टेरारियात हिशोब सर्वांत सोपा, खेळातलं एक मिनिट म्हणजे खरा एक सेकंद. २४ तासांचा दिवस २४ मिनिटांचा, त्यात पहाटे ४:३० ते संध्याकाळी ७:३० हा दिवस १५ मिनिटांचा आणि रात्र ९ मिनिटांची. तिथे बेडवर झोपलं की रात्र गाळली जात नाही, काळ पाचपट वेगाने पळतो. फॅक्टोरियोत सेकंदाला ६० टिक आणि दिवस २५,००० टिकांचा, म्हणजे जेमतेम ७ मिनिटांचा. त्या खेळात दिवसाचा उपयोग सौरऊर्जेच्या हिशोबापुरता. ६० किलोवॉटचं पॅनेल दिवसरात्र मिळून सरासरी ४२ किलोवॉट देतं, कारण अर्धा दिवस पूर्ण ऊन, एक दशांश पूर्ण अंधार आणि उरलेला वेळ चढउताराचा. डोन्ट स्टार्व्हमध्ये दिवस ८ मिनिटांचा, ३० सेकंदांच्या १६ भागांत वाटलेला. जीटीए ५ मध्ये ४८ मिनिटांचा.

एखाद्या खेळाचं प्रमाण माहीत नसेल तर मोजून काढा. खेळातलं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ एकाच वेळी टिपा, न झोपता, मेनू न उघडता खेळातले दहा तास जाऊ द्या, पुन्हा दोन्ही टिपा आणि भागाकार करा. एक तासच मोजलात तर बटण दाबण्यातली चूक आकड्यात मोठी दिसते.

आता सर्व्हरवर भारतीय वेळ. २४,००० टिक खऱ्या ८६,४०० सेकंदांत पसरायच्या, म्हणजे दर ३.६ सेकंदांना डेटाइम एक टिक पुढे. ३.६ सेकंद म्हणजे खेळाच्या ७२ टिका, तोच ७२. त्यासाठी 'डू डेलाइट सायकल' (१.२१.११ आवृत्तीपासून नाव 'ॲडव्हान्स टाइम') हा गेमरूल, म्हणजे खेळाचा बदलता येणारा नियम, बंद करा आणि डेटापॅकमध्ये 'शेड्यूल' वापरून दर ७२ टिकांनी 'टाइम ॲड १' चालवा. सुरुवातीची वेळ लावायला खऱ्या तासातून सहा वजा करून हजाराने गुणा. रात्री ९:३० ला सुरू करत असाल तर १५,५००. पहाटे सहाच्या आधीची वेळ असेल तर आधी २४ मिळवा.

ही पद्धत लॅग आली, म्हणजे सर्व्हर मंदावला, की घसरते. सर्व्हर सेकंदाला १९ टिकांनी चालला तरी चोवीस तासांत तुमचा सूर्य सव्वा तासाच्या आसपास मागे पडेल. त्यापेक्षा सर्व्हरच्या यंत्राचं घड्याळ वाचून दर मिनिटाला 'टाइम सेट' पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लावा, मीही तीच वापरतो. झोपून कुणी रात्र गाळू नये म्हणून 'प्लेअर्स स्लीपिंग पर्सेंटेज' १०१ करा, शंभराच्या वरचा आकडा दिला की रात्र वगळताच येत नाही.

हे लावण्याआधी तुम्ही कधी खेळता ते पाहा. उघड्यावर राक्षस १३,१८८ ते २२,८१२ या टिकांत जन्मतात, म्हणजे संध्याकाळी ७:११ ते पहाटे ४:४८. एरवी हा काळ ८ मिनिटांचा असतो, आता तो साडेनऊ तासांहून मोठा होईल. कॉलेज-नोकरी सांभाळून रात्री आठला जमणाऱ्यांना सूर्य फक्त सुट्टीच्या दिवशी दिसेल. फँटमचं घड्याळ मात्र खऱ्या एका तासावरच राहील, त्यामुळे आठला आलेल्यांच्या डोक्यावर नऊपासून फँटम घिरट्या घालू लागतील. 'डू इन्सोम्निया' (१.२१.११ पासून 'स्पॉन फँटम्स') हा गेमरूल बंद ठेवा. आणि सहा तास मिळवून किंवा वजा करून सर्व्हरची वेळ सरकवायची का, हे तिघांनी आधीच ठरवा. रात्री आठला सर्व्हरवर दुपारचे दोन वाजलेले असले तरी ७२ चा हिशोब तोच राहतो.